सतरावा अर्ज

महोदय,
यापूर्वी सोळा अर्ज पाठवले.
पोच फक्त चौथ्याची आली,
तीही षडंगीऐवजी सारंगीच्या नावे.

मी बनमाळी षडंगी, निवृत्त संस्कृत शिक्षक,
मूळ मुक्काम पट्टामुंडाई, जिल्हा केंद्रापडा,
सध्या वेल्लूर, लॉजची नऊ नंबरची खोली,
कारण पत्नीचं रक्त बिघडलं आहे.

विषय तोच.
देशाला एक सामाईक भाषा हवी, ती संस्कृत असावी.

मागे मी वेद आणला होता,
अखंडता वगैरे शब्द जाड अक्षरांत काढले होते.
ते बाजूला ठेवा.
इथल्या रांगेत एकच कारण सुचलं:
ती कुणाच्याच आईची नाही.
हिंदी आणलीत तर बलियाचा पोरगा बसल्या जागी पास,
इंग्रजी आणलीत तर ज्याच्या बापानं फी भरली तो.
संस्कृतात सगळे सारखेच नापास होतील, महोदय.
चौतीस वर्षं मी नापास करत आलो आहे.
लङ् लकारापुढे
जमीनदाराचा मुलगा आणि नावाड्याचा
एकाच रुमालानं घाम पुसतात.

परवा रात्री कुंतलाला तहान लागली.
बाटली रिकामी. अंगणात पंपाशी
झाडलोट करणारी वडिवु घागर भरत होती.
मी म्हणालो, जलम्.
ती बघत राहिली.
पानीयम्. उदकम्. तोयम्.
अमरकोश संपत आला
तेव्हा तोंडातून निघालं, नीरम्.
"नीरा?" ती म्हणाली,
आणि बाटली काठोकाठ भरून दिली.

मी जिना चढलो तो जवळजवळ धावतच.
पुरावा मिळाला होता!
सकाळी लॉजमालकाच्या मुलाला सांगितलं,
तो कॉलेजात जातो, मोडकं हिंदी बोलतो.
तो हसला, पण वाईट मनानं नाही.
"सर, शब्द आमचा आहे.
तुमच्या संस्कृतानं नेला. मीनही नेला म्हणतात.
परत कोण करतंय?"

मीनः मीनौ मीनाः.
इतकी वर्षं फळ्यावर पोहणारा मासा
दुसऱ्याच्या तळ्यातला निघाला.

वडिवु झाडू टेकवून काहीतरी बोलली.
पोरगा आधी सांगेना. मग म्हणाला,
"तिचा आजा पाठशाळेबाहेरचा रस्ता झाडायचा.
पाठ सुरू झाला की त्याला हाकलायचे,
ऐकू जाऊ नये म्हणून.
ती म्हणते, नसेल ती कुणाच्या आईची,
पण बाप कोण होता ते आजाला ठाऊक होतं."

यावर माझ्याकडे सूत्र नाही.

नर्स रिनपुई मिझोरामची.
तिच्या बोलण्यात मला एकही ओळखीचा धातू सापडला नाही.
तरी सुई तिनं पहिल्याच खेपेला शिरेत घातली.
तीन दिवस कुणाला जमलं नव्हतं.

तर मग अर्ज कशाला?
एक मुद्दा राहिला आहे, महोदय.
द्विवचन.
ओडियात नाही. तमिळमध्येही नाही, विचारून घेतलं.
एक, आणि मग एकदम अनेक.
जनगणनेला तेवढं पुरतं.
पण रात्री अडीच वाजता
सलाइनचे थेंब मोजणारी माणसं
एक नसतात, अनेकही नसतात.
आवाम्. आम्ही दोघं, फक्त दोघं.

कुंतलाला संस्कृत येत नाही.
लग्नाच्या वर्षी, कटकच्या बसथांब्यावर
मी तिला एकच वाक्य शिकवलं होतं,
आवां गच्छावः.
बस सुटली तरी ती घोकत उभी होती.
काल ते पुन्हा म्हणालो,
तिनं डोळे न उघडता हुंकार दिला.

डॉक्टर मात्र काल मला बाहेर बोलावून म्हणाले,
गावी पोचल्यावर कुणी असेल ना तुमच्यासोबत?

द्विवचनातून एकवचन कसं होतं,
हे चौतीस वर्षांत
एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही.

तेव्हा विनंती:
अख्खी भाषा लागू करणं जमत नसेल
तर एवढं एक वचन तरी करावं.
पंपाशी उभ्या दोघांनाही ते लागेल.
आणि नीर हा शब्द
वडिवुच्या नावावर चढवावा.

अर्ज मागे घेत नाही.
उत्तर याच पत्त्यावर पाठवावं, मंगळवारपर्यंत.
त्यानंतरचा पत्ता
अजून ठरलेला नाही.